रुग्णवाहिकेचा परवाना कोणाच्या हाती?

जिल्हा रुग्णालयातून रुग्णाला सुटी मिळते ती बहुधा दुपारी. मांडीचे हाड मोडलेल्या शेतमजुराच्या हाती एक कागद पडतो. सहा आठवडे पाय जमिनीला टेकू नये, अशी सूचना त्यावर असते आणि खाट मात्र पुढच्या रुग्णासाठी लगेच रिकामी करायची असते. शस्त्रक्रिया झालेली असते, तिचा खर्चही शासकीय योजनेतून भागलेला असतो. उरलेला असतो तो केवळ गावापर्यंतचा साठ-सत्तर किलोमीटरांचा रस्ता. या रस्त्याची जबाबदारी कोणाचीच नसते. फाटकाबाहेर गाड्यांची रांग उभी असते. गाड्यांवर ठळक अक्षरांत ‘रुग्णवाहिका’ असे लिहिलेले असते, परंतु भाड्याचा आकडा कोठेच लिहिलेला नसतो. तो आकडा नातेवाइकाच्या चेहऱ्याकडे पाहून ठरतो.

रुग्णवाहिकेचा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांसमोर येते ती भोंगा वाजवीत धावणारी गाडी. महाराष्ट्रात जानेवारी 2014 पासून 108 क्रमांकाची मोफत सेवा सुरू झाली आणि त्यासाठी 937 गाड्या रस्त्यावर आणण्यात आल्या. या सेवेतील उणिवांची चर्चा अवश्य व्हावी. तथापि अपघात, हृदयविकाराचा झटका, अडलेली बाळंतीण यांच्यासाठी धावून जाणे हे शासनाचे कर्तव्य आहे, एवढे तत्त्व तरी तिच्यामुळे प्रस्थापित झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या प्रवासाला तातडी नाही, पण जो एसटीच्या बाकावर बसून होऊ शकत नाही, तो या तत्त्वाच्या कक्षेबाहेर राहिला. सुटी मिळालेला रुग्ण, अर्धांगवायूचा रुग्ण, कर्करोगाच्या किरणोपचारासाठी रोज ये-जा करणारा रुग्ण आणि अखेरीस रुग्णालयात मरण पावलेल्या माणसाचे शव, यांपैकी कोणासाठीही 108 ची गाडी येत नाही. ती यावी अशी मागणीही बरोबर ठरणार नाही, कारण घरी परतणाऱ्या रुग्णात ती गुंतली, तर त्याच वेळी झटका आलेल्या दुसऱ्या रुग्णाला ती मिळणार नाही. या प्रवासाची वेगळीच व्यवस्था हवी. आज ती संपूर्णतः खासगी गाडीमालकांच्या मर्जीवर सोडलेली आहे.

हा प्रवास किरकोळ आहे, असे कोणी समजू नये. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून साधारणतः तीन वेळा डायलिसिस करून घ्यावे लागते. म्हणजे वर्षाला 156 वेळा, आणि जाणे-येणे धरून 312 फेऱ्या. 2016 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयात डायलिसिस मोफत देण्याची घोषणा केली. यंत्र मोफत, परंतु यंत्रापर्यंत पोहोचण्याचा खर्च रुग्णाच्या माथी, अशी स्थिती असेल तर चार तास चालणाऱ्या उपचारापेक्षा दोन तासांचा रस्ताच महाग पडतो. आठवड्यातील तिसरी खेप प्रथम गळते, मग दुसरी. मृत्यूच्या दाखल्यावर कारण मूत्रपिंडाचे लिहिले जाते. गाडीभाड्याचे लिहिले जात नाही.

शासनाला याची जाणीव नव्हती, असे म्हणता येत नाही. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णालयापासून घरापर्यंतच्या एका प्रवासाचे भाडे धरण्यात आले. मात्र ते धरले एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे! ज्याला पाय टेकण्याची मनाई आहे, त्याला एसटीचे भाडे देण्यात योजनाकारांना विसंगती दिसली नाही. याउलट 1 जून 2011 पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला घरून रुग्णालयात आणणे, गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयात हलविणे आणि शेवटी घरी पोहोचविणे, हे तिन्ही प्रवास मोफत करण्यात आले. परतीचा प्रवास हा उपचाराचाच भाग आहे, हे तत्त्व शासनाने बाळंतिणीच्या बाबतीत स्वीकारले आहे. प्रश्न एवढाच की, ते शेतमजुराच्या मोडलेल्या पायाला का लागू नसावे?

सवलती समाजाच्या, कमाई मालकाची

खासगी रुग्णवाहिका हा एक धंदा आहे, धंदेवाल्याने भाडे ठरवावे आणि गिऱ्हाइकाने परवडत असेल तर घ्यावे, असा युक्तिवाद केला जातो. या युक्तिवादाची परीक्षा कायद्याच्याच आधारे करावी. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 66 अन्वये भाड्याने चालणाऱ्या वाहनाला परमिट लागते. रिक्षाला लागते, टॅक्सीला लागते, मालट्रकला लागते. परंतु त्याच कलमात केवळ रुग्णवाहिका म्हणून वापरल्या जाणाऱ्या आणि केवळ शव व अंत्ययात्रेतील माणसे वाहून नेणाऱ्या वाहनांना परमिटातून सूट दिलेली आहे. वस्तू व सेवा करातून रुग्णवाहिकेतील रुग्णवाहतूक मुक्त आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनाक्यावर रुग्णवाहिकेला आणि शववाहिकेला शुल्क नाही. आणि 2019 च्या दुरुस्तीनुसार रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

परमिटमाफी, करमाफी, टोलमाफी आणि रस्त्यावरचा अग्रहक्क या चारही सवलती समाजाने दिल्या, त्या रुग्णवाहिका हा धंदा नसून सेवा आहे, या समजुतीने. सवलत घेताना सेवा आणि भाडे घेताना धंदा, असा हा दुहेरी व्यवहार आहे. परमिट नसल्यामुळे रिक्षावाल्याला भाडेपत्रक, थांबा आणि भाडे न नाकारणे यांबाबत जी बंधने पाळावी लागतात, ती रुग्णवाहिकेच्या मालकावर त्या मार्गाने येत नाहीत. गंमत अशी की, धडधाकट माणसाला रेल्वे स्थानकातून घरी नेणाऱ्या वाहनावर अधिक बंधने आहेत आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नेणाऱ्या वाहनावर कमी.

नियम अगदीच नाहीत, असे नव्हे. केंद्र सरकारने 2016 साली रुग्णवाहिकांच्या बांधणीचे मानक अधिसूचित केले. त्यात गाड्यांचे चार प्रकार ठरविण्यात आले आणि त्यांपैकी एक प्रकार तातडी नसलेल्या रुग्णांच्या वाहतुकीसाठीच आहे. परंतु हे मानक गाडीचे आहे, सेवेचे नाही. स्ट्रेचर कसे असावे हे ते सांगते. ते उचलायला दुसरा माणूस असेल की नाही आणि त्याचे किती पैसे घ्यावेत, हे ते सांगत नाही.

स्पर्धा कोठे आहे?

मुक्त बाजारात स्पर्धेने भाडी खाली येतात, असे सांगितले जाते. एप्रिल 2022 मध्ये तिरुपतीच्या सरकारी रुग्णालयात एका दहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. शव गावी नेण्यासाठी फाटकावरच्या गाडीवाल्यांनी बापाला न परवडणारी रक्कम मागितली. नातेवाइकांनी बाहेरून स्वस्त गाडी बोलावली, तर तिला आत येऊ दिले नाही. अखेरीस बापाने मुलाचे शव मोटारसायकलवर घेऊन सुमारे नव्वद किलोमीटरांचा प्रवास केला. त्यापूर्वी, ऑगस्ट 2016 मध्ये, ओडिशातील कालाहांडी जिल्ह्यात एका आदिवासी माणसाने पत्नीचे शव खांद्यावर घेऊन वाट चालायला सुरुवात केली होती आणि त्याची मुलगी रडत बरोबर चालत होती. या दोन घटनांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. कालाहांडीत गाडी मिळाली नाही. तिरुपतीत गाड्या फाटकावरच उभ्या होत्या. म्हणजे गाड्यांची संख्या वाढली की प्रश्न सुटतो, हे खरे नाही. फाटकावर जमलेले मालक एकमेकांशी स्पर्धा करीत नाहीत, संगनमत करतात. रुग्ण हा दुसऱ्या दुकानात जाऊ शकणारा गिऱ्हाईक नाही आणि शोकात बुडालेल्या नातेवाइकाला घासाघीस करता येत नाही. जेथे गिऱ्हाइकाला नकाराचे स्वातंत्र्य नाही, तेथे बाजारही मुक्त नसतो.

कोविडच्या काळात हे सत्य मध्यमवर्गालाही अनुभवास आले. सर्वोच्च न्यायालयाने 11 सप्टेंबर 2020 रोजी राज्यांना रुग्णवाहिकांची वाजवी भाडी ठरविण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रातही खासगी गाड्या ताब्यात घेण्याचे व भाडी निश्चित करण्याचे आदेश निघाले. काही जिल्ह्यांत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणांनी भाडेपत्रके जाहीर केली. हे पाऊल स्वागतार्हच होते. पण भाडे ठरविणे वेगळे आणि रात्री अकरा वाजता फाटकावर तेच भाडे घेतले जाते की नाही, हे पाहणे वेगळे. परिवहन कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला असते आणि रात्री बंद असते. आपत्तीच्या अधिकारांवर उभारलेली व्यवस्था आपत्तीपुरतीच टिकते. शेतमजुराचा पाय मोडतो, तेव्हा मात्र कोणतीही आपत्ती घोषित झालेली नसते.

स्थानिक संस्थाच का?

म्हणूनच या सेवेचा परवाना महापालिका, नगरपालिका आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषद यांच्या हाती असावा, ही मागणी पुढे येणे आवश्यक आहे. ती जगावेगळी नाही. महाराष्ट्रात खासगी शुश्रूषागृहांची नोंदणी 1949 च्या अधिनियमानुसार होते आणि महापालिका क्षेत्रात नोंदणी करणारा अधिकारी महापालिकेचाच असतो. 2021 च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे बंधन शुश्रूषागृहांवर घातले. इमारतीच्या आतील खाटेचा दर दर्शनी भागात लावायचा आणि फाटकाबाहेरच्या स्ट्रेचरचा दर मात्र गुप्त ठेवायचा, याला कोणते तर्कशास्त्र म्हणावे? 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा विषय नगरपालिकांकडे दिलेला आहे. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदच चालविते.

रस्त्यावरील वाहनांचा कायदा केंद्राचा आहे, तेव्हा पालिका परवाना कसा देणार, असा आक्षेप घेतला जाईल. येथे परवाना गाडीचा नसून रुग्णसेवेचा आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे विषय राज्यसूचीतील सहाव्या नोंदीत आहेत. विधिमंडळाने स्थानिक संस्थांच्या कायद्यात तशी स्पष्ट तरतूद करावी, एवढेच बाकी आहे. पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या एका संघटनेने लढविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत रुग्ण हलविण्यासाठी रुग्णवाहिकांची योग्य व्यवस्था करण्याची गरज सांगितली होती. तो खटला तातडीच्या उपचारांचा होता, परंतु प्रवासाला उपचारापासून वेगळे काढता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. हे शहाणपण न्यायालयाला एका कष्टकरी संघटनेच्या लढ्यामुळे सुचले, हेही विसरता कामा नये.

भांडवलशाहीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या अमेरिकेतही हा व्यवसाय मोकाट सोडलेला नाही. लॉस एंजेलिस काउंटीत खासगी रुग्णवाहिका चालविणाऱ्याला काउंटीचा परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडील मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अमेरिकेचे दाखले देताना एवढा भाग नेमका वगळतात.

परवान्याची किंमत

तथापि परवाना म्हटला की कार्यकर्त्यांच्याही मनात शंका येते, आणि ती रास्त आहे. परवाना म्हणजे हप्त्याचे नवे खाते उघडणे, असा आपल्याकडील अनुभव आहे. परवान्यांची संख्या मर्यादित ठेवली की परवाना हीच एक मालमत्ता होते. ती विकली जाते, भाड्याने दिली जाते आणि तिचा बोजा शेवटी रुग्णावरच पडतो. दुसरा धोका असा की, किचकट अटी पुढे करून एकेक गाडी चालविणाऱ्या मालक-चालकाला बाहेर काढले जाईल आणि सगळे शहर एका बड्या कंत्राटदाराच्या घशात जाईल. इंग्लंडमधील ससेक्स भागाचा अनुभव येथे उद्बोधक आहे. एप्रिल 2016 मध्ये तेथील तातडी नसलेली रुग्णवाहतूक एका खासगी कंपनीकडे सोपविण्यात आली. डायलिसिसचे रुग्ण तासन् तास गाडीची वाट पाहत राहिले, काहींचे उपचार चुकले आणि उपकंत्राटदारांच्या कामगारांचे पगार थकले. वर्षभरात कंपनीला ते काम सोडावे लागले आणि एप्रिल 2017 पासून ते एका सार्वजनिक रुग्णवाहिका संस्थेकडे आले.

यावरून दोन धडे मिळतात. पहिला असा की, परवान्यांच्या संख्येवर मर्यादा नको. अटी मात्र सर्वांना सारख्या आणि कडक हव्यात. परवाना दुसऱ्याच्या नावे करता येऊ नये. भाडेपत्रक गाडीच्या आत व बाहेर मराठीत लावलेले असावे आणि प्रत्येक फेरीची पावती मिळावी. रुग्णाचा रोग, जात, धर्म किंवा गाव पाहून फेरी नाकारता येऊ नये. स्ट्रेचर उचलण्यास व प्राणवायू देण्यास शिकविलेला मदतनीस गाडीत असलाच पाहिजे. रुग्ण मिळवून देण्याबद्दल रुग्णालयातील कोणालाही दलाली देणे, हे परवाना रद्द होण्याचे कारण ठरावे. कोणत्याही परवानाधारक गाडीला कोणत्याही रुग्णालयाच्या फाटकातून आत येण्याचा हक्क असावा. तिरुपतीसारख्या प्रसंगाला तोच खरा आळा आहे. परवानाधारकांची यादी, तक्रारी आणि त्यांवरील निर्णय पालिकेच्या फलकावर दरमहा लागावेत. हप्ता अंधारात वाढतो, म्हणून परवाना उजेडात ठेवावा लागतो.

या अटींत गाडी चालविणाऱ्या श्रमिकाला विसरून चालणार नाही. फाटकावर रुग्णाशी हुज्जत घालणारा चालक हा पुष्कळदा मालक नसतोच. फेरीमागे ठराविक रक्कम मालकाला देऊन उरेल ते त्याचे, अशा व्यवस्थेत तो अडकलेला असतो. गाडीतच झोपतो, साथीच्या रोगाचा धोका तोच पत्करतो. त्याच्यावर राग काढून नफेखोरी संपणार नाही. ठरलेला पगार, कामाचे ठरलेले तास आणि विमा या परवान्याच्या अटी झाल्या पाहिजेत, आणि भाडे ठरविताना डिझेलाप्रमाणे या मजुरीचाही खर्च धरला पाहिजे. स्वस्त भाडे चालकाच्या पोटाला चिमटा घेऊन मिळत असेल, तर ते समाजवाद्यांना मान्य होता कामा नये. चालकांच्या सहकारी संस्थांना परवान्यात आणि कर्जात प्राधान्य देण्याची मागणीही याच विचारातून आली पाहिजे.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. केवळ परवान्याने सेवा निर्माण होत नाही. परवाना फार तर लूट आटोक्यात ठेवतो. मालकांनी एकजुटीने गाड्या उभ्या करून ठेवल्या, तर ज्या पालिकेकडे स्वतःची एकही गाडी नाही, ती काय करणार? परवाना देणाऱ्या हातात स्वतःची गाडीही असली पाहिजे. 7 ऑगस्ट 1947 रोजी मुंबई महापालिकेने बेस्ट कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा नागरिकांचा रोजचा प्रवास खासगी नफ्यावर सोडू नये, हे तत्त्व स्वीकारले गेले. धडधाकट नागरिकाच्या प्रवासासाठी जे तत्त्व पंचाहत्तर वर्षांपूर्वी मान्य झाले, ते आजारी नागरिकाच्या प्रवासाला लागू करणे ही काही क्रांती नव्हे. पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या मोजक्या गाड्या डायलिसिसच्या ठरलेल्या फेऱ्या आणि सुटी मिळालेल्या गरीब रुग्णांचा परतीचा प्रवास यांसाठी राखून ठेवल्या, तरी खासगी भाड्याला एक माप मिळेल. हे प्रवास आधीपासून माहीत असतात. त्यांचे वेळापत्रक करता येते आणि एका दिशेच्या तीन रुग्णांना एका फेरीत नेता येते. नफ्याच्या हिशेबाला हे सुचत नाही, कारण तीन वेगळी भाडी त्याला अधिक सोयीची असतात.

कार्यकर्त्यांपुढील काम

हे सारे शासन आपण होऊन करील, अशी भाबडी आशा बाळगण्याचे कारण नाही. 2022 नंतर राज्यातील बहुतेक महापालिकांवर काही वर्षे प्रशासक बसले होते आणि त्या काळात फाटकावरच्या लुटीबद्दल जाब विचारायला सभागृहच नव्हते. स्थानिक संस्थांकडे अधिकार मागायचा, तर त्या लोकनियुक्त आणि जागत्या राहतील, याचीही काळजी वाहिली पाहिजे; अन्यथा परवाना लोकांच्या हाती न येता एका अधिकाऱ्याच्या खणात जाईल.

काम फाटकापासून सुरू होऊ शकते. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी महिनाभर सरकारी रुग्णालयाच्या दाराशी आळीपाळीने बसून कोणत्या गावाला किती भाडे मागितले, किती घेतले, पावती मिळाली की नाही आणि मदतनीस होता की नाही, याची वही ठेवावी. डायलिसिसच्या रुग्णांना भेटून त्यांच्या चुकलेल्या खेपांची नोंद करावी. चालकांशी बोलावे, त्यांना शत्रू समजू नये. ही वही घेऊन नगरसेवक व जिल्हा परिषद सदस्य यांच्याकडे जावे आणि परवाना, भाडेपत्रक व पालिकेच्या स्वतःच्या गाड्या या तीन मागण्यांचा ठराव सभागृहात आणण्यास त्यांना भाग पाडावे. प्रत्येक पालिकेचा असा ठराव विधिमंडळापुढे गेला, तर कायद्यातील तरतूद फार काळ टाळता येणार नाही.

रुग्णवाहिकेला रस्त्यावर प्रत्येक जण वाट करून देतो. बैलगाडीवाला देतो, हातगाडीवाला देतो आणि मोर्चातला कामगारही बाजूला होतो. तो हे दंडाच्या भीतीने करीत नाही. आत एक माणूस आहे, एवढेच त्याला ठाऊक असते. या साध्या माणुसकीची कमाई काही मालकांच्या खिशात जाऊ द्यायची की, तिच्या मोबदल्यात त्यांच्याकडून हिशेब मागायचा, हाच या परवान्यामागचा प्रश्न आहे.